कारच्या हेडलाईटचा फोकस घरी सेट करताना: आधी मोजमाप, मग स्क्रू

हेडलाईटचा फोकस बिघडला की बहुतेक जण बॉनेट उघडतात, दिव्यामागचा स्क्रू शोधतात आणि समोरच्या भिंतीकडे बघत तो फिरवायला लागतात. काम तिथेच फसतं. टायरमध्ये हवा कमी, डिकीत सामान, दिव्यांची उंची बदलणारं डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं चाक २ वर, जमिनीला ढाळ आणि भिंत किती लांब आहे ते मोजलेलंच नाही. अशा वेळी स्क्रू फिरवला तर एका चुकीवर दुसरी चूक चढते. गॅरेजमध्ये ‘फोकस सेट करून द्या’ म्हटल्यावरही पुष्कळदा असंच अंदाजाने होतं.

स्क्रूचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. त्याआधीची तयारी तासाभराची, आणि खरं काम तेच. पहिल्या सहा टप्प्यांत स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचाच नाही.

## आधी हिशेब समजून घ्या

फोकस सेट करायचा तो लो बीमचा, म्हणजे डिपरचा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्याकडच्या लो बीमचा आकार ठरलेला असतो. भिंतीवर प्रकाश टाकला की वरच्या कडेला एक रेषा दिसते, तिला कट-ऑफ म्हणतात. उजव्या बाजूला, समोरून येणाऱ्यांच्या दिशेला, ती आडवी आणि खाली असते. मध्यावर तिला कोपरा येतो आणि तिथून ती डावीकडे तिरकी वर चढते. या चढामुळे रस्त्याची डावी कड लांबपर्यंत उजळते: पायी चालणारे, बिनालाईटची सायकल, गाळपाच्या दिवसांत उसाने भरलेली आणि मागे एकही रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली. आडव्या भागामुळे समोरच्याचे डोळे वाचतात. दोन्ही साधायचं तर ही रेषा नेमक्या उंचीवर हवी.

प्रकाशाचा उतार टक्क्यांत मोजतात. १ टक्का म्हणजे दर मीटरला १ सेंमी खाली. दिवा जमिनीपासून ६५ सेंमी उंच आणि उतार १ टक्का असेल, तर कट-ऑफ रेषा ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. २ टक्के केला तर ३२ मीटरवरच टेकते. ताशी ८० किमी वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे ३२ मीटर दीड सेकंदात संपतात. पाय ब्रेकवर जाऊन गाडी धरू लागेपर्यंतच तेवढा वेळ जातो. त्यामुळे ‘समोरच्याला त्रास नको’ म्हणून फोकस मनाने खूप खाली घेणं हेसुद्धा धोक्याचंच आहे.

## १. ही पद्धत तुमच्या गाडीला चालेल का ते पाहा

हॅलोजन रिफ्लेक्टर (आत चकचकीत भांडं) किंवा प्रोजेक्टर (पुढे गोल भिंग) दिवे आणि डॅशबोर्डवर लेव्हलिंगचं चाक (०, १, २, ३ असे आकडे असलेलं) असेल, तर ही पद्धत जशीच्या तशी लागू पडते. कंपनीतूनच एलईडी हेडलाईट आलेल्या अनेक गाड्यांनाही उंचीचा स्क्रू असतो, त्यांनाही चालते.

मागच्या सस्पेन्शनला सेन्सर असलेले आपोआप लेव्हल होणारे दिवे, वळणावर फिरणारे दिवे किंवा समोरची गाडी ओळखून प्रकाशाचा तुकडा बंद करणारे मॅट्रिक्स दिवे असतील, तर घरी हात लावू नका. तिथे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून शून्य स्थिती ठरवावी लागते. स्क्रूने केलेला बदल आणि यंत्रणेच्या डोक्यातली स्थिती यांचा मेळ बसला नाही, तर दिवे रोज चुकीच्या जागी जातील.

आता बॉनेट उघडून दिव्याच्या वरच्या कडेला किंवा जवळच्या पट्टीवर हेडलाईटचं छोटं चित्र आणि त्याशेजारी १.०% किंवा १.२% असा आकडा छापलेला दिसतो का बघा. हा तुमच्या गाडीसाठी कंपनीने दिलेला उतार. तो असेल तर तोच प्रमाण माना, दुसरं काही ऐकू नका. नसेल तर दिव्याच्या उंचीवरून ठरवा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची ८० सेंमीपेक्षा कमी असेल, म्हणजे बहुतेक हॅचबॅक आणि सेडान, तर १ ते १.५ टक्का. दिवे १ मीटरपेक्षा उंच असतील तर १.५ ते २ टक्के. मधल्या उंचीच्या एसयूव्हीला दीड टक्का ठेवावा असं माझं मत आहे. उंच दिव्यांचा प्रकाश समोरच्या लहान गाडीत सहज घुसतो.

## २. सामान गोळा करा

मेजरिंग टेप, दोन सेंमी रुंदीचा मास्किंग टेप, खडू, ओळंबा (दोरीला नट बांधला तरी चालेल), बारा मीटर नायलॉनची दोरी, सारख्या उंचीच्या दोन विटा, एक जाड पुठ्ठा, हवेचा गेज आणि स्क्रू फिरवण्याचं हत्यार. हत्यार कोणतं ते आधीच पाहून घ्या. काही दिव्यांना लांब दांड्याचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, काहींना छोटा षटकोनी बॉक्स पाना, काहींना ॲलन की. गाडीच्या पुस्तिकेत बहुधा जागेसकट लिहिलेलं असतं.

सोबत एक माणूस हवाच, आणि तो गाडी चालवणाऱ्याच्या वजनाच्या आसपासचा असेल तर उत्तम. कारण पुढे कळेल.

## ३. दिवा मुळात ठीक आहे का

फोकसची म्हणून सांगितली जाणारी तक्रार अनेकदा दिव्याचीच असते. चार गोष्टी बघा.

काच. पिवळी किंवा धुरकट झालेली काच प्रकाश चहूबाजूंना पसरवते. कट-ऑफ रेषा पुसट होते आणि समोरच्याला त्रास होतो तो वेगळाच. आधी पॉलिश करून घ्या, मग फोकस.

बल्ब. एच-४ (लो आणि हाय अशा दोन्ही तारा असलेल्या) बल्बच्या कड्याला तीन कान असतात आणि ते दिव्याच्या खाचांत एकाच प्रकारे बसतात. एखादा कान खाचेबाहेर राहिला आणि वरून तारेची क्लिप दाबून बसवली, तर बल्ब तिरका बसतो. भिंतीवर रेषेऐवजी वेडावाकडा ठिपका दिसतो. अशा वेळी कोणताही स्क्रू उपयोगाचा नाही, बल्ब काढून नीट बसवा. काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलामुळे हॅलोजन बल्ब लवकर जातो.

दिव्याचे कान. बंपरला छोटा धक्का बसून गेला असेल तर दिवा धरणारा प्लॅस्टिकचा कान तुटलेला असू शकतो. दिव्यावर हाताने हलकेच दाबून बघा. दिवा खुळखुळत असेल तर आधी तो पक्का करा, नाहीतर पहिल्या खड्ड्यालाच केलेलं काम वाया जाईल.

बाहेरून टाकलेला एलईडी बल्ब. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकला असेल तर आधी मूळ बल्ब परत बसवा. रिफ्लेक्टरची वळणं हॅलोजनची तार नेमकी कुठे असेल हे धरून काढलेली असतात. एच-४ मध्ये लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटीही असते, तीच कट-ऑफ घडवते. एलईडीच्या चिपा त्या जागी तितक्या नेमक्या बसत नाहीत, रेषा फुटते, आणि फुटलेल्या रेषेचा फोकस सेट होऊ शकत नाही. मग लोक अख्खा प्रकाशच खाली घेतात. समोरच्याचे डोळे दिपायचे थांबत नाहीत आणि आपल्याला पुढचं दिसेनासं होतं. रात्रीच्या रस्त्यावरचा निम्मा ताप या बल्बांनी वाढवला आहे, आणि फोकस सेट करून तो कमी होणार नाही.

तपासणी: भिंतीवर प्रकाश टाका. चढ डावीकडे दिसला पाहिजे. तो उजवीकडे चढत असेल तर दिवा किंवा प्रोजेक्टर उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनलेला आहे. तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि त्यावर दिवा बदलणं हाच उपाय आहे.

## ४. गाडी तिच्या रोजच्या वजनावर आणा

हे लोक सर्रास गाळतात, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लहान हॅचबॅकच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २४५ सेंमी अंतर असतं. मागचा भाग ५ सेंमी दबला तर गाडी २ टक्क्यांनी नाक वर करते. १ टक्का खाली असलेला फोकस मग १ टक्का वर जातो. ५० मीटरवर तो ११५ सेंमी उंचीवर असतो, म्हणजे समोरच्या कारमधल्या माणसाच्या डोळ्यांत.

म्हणून हे क्रमाने करा:

हवा थंड टायरमध्ये, दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे चारही चाकांत भरा. पंपावरून आल्या आल्या मोजू नका. स्टिकरवर कमी वजनाचा आणि भरल्या गाडीचा असे दोन आकडे असतील तर कमी वजनाचा घ्या.

डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक आणि पाना मात्र जागेवर राहू द्या.

टाकीत निम्म्याहून जास्त इंधन असावं. डिकीत सीएनजीचा सिलिंडर असेल तर तो गाडीच्या कायमच्या वजनातच धरायचा, आणि सीएनजी किट नव्याने बसवल्यावर फोकस पुन्हा तपासायचाच. हे किट बसवणारे सांगत नाहीत.

चालकाच्या सीटवर माणूस बसवा. मोजमाप करताना तुम्ही बाहेर असाल, तेव्हा तुमच्या जागी सोबतच्याने बसायचं. तो बसल्यावर गाडीचे चारही कोपरे दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे स्प्रिंग जागेवर येतील.

लेव्हलिंगचं चाक ० वर ठेवा. यामागची मोटर इग्निशन सुरू असतानाच हलते, म्हणून चावी फिरवून चाक एकदा ३ पर्यंत नेऊन परत ० वर आणा आणि दोन्ही दिवे सारखे खाली-वर होतात का बघा. एकच हलत असेल तर दुसऱ्या बाजूची मोटर गेलेली आहे, आधी ती बदला.

खबरदारी: काही गाड्यांचे दिवे इंजिन सुरू असतानाच लागतात. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या कोंदट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

## ५. जागा निवडा आणि दोरी लावून तपासा

समोर फिकट रंगाची, उभी सरळ भिंत आणि तिच्यासमोर गाडीसकट नऊ-दहा मीटर मोकळी जागा हवी. दिव्याच्या काचेपासून भिंत ५ मीटर असली की चालतं, साडेसात मिळाली तर आणखी चांगलं. ३ मीटरवर करू नका. तिथे १ सेंमीची चूक म्हणजे ०.३३ टक्के. ६५ सेंमी उंच दिव्यासाठी तेवढ्या चुकीने रेषा ६५ मीटरऐवजी ४९ किंवा ९७ मीटरवर टेकेल. ५ मीटरवर तीच चूक ५४ ते ८१ मीटरच्या आत राहते.

आता जमीन. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून ढाळ दिलेलाच असतो. ढाळ असल्याने बिघडत नाही. तो मागच्या चाकापासून भिंतीच्या पायथ्यापर्यंत एकसारखा आहे की नाही, एवढंच महत्त्वाचं. मध्येच रॅम्प सुरू होत असेल किंवा गटाराची जाळी असेल तर ती जागा सोडा.

तपासायचं असं. गाडी जिथे उभी करणार तिथे मागचं आणि पुढचं चाक कुठे येईल त्या खुणा खडूने करा. मागच्या चाकाच्या खुणेवर एक वीट आणि भिंतीच्या पायथ्याशी दुसरी वीट, दोन्हींची सारखीच बाजू खाली येईल अशा ठेवा. दोघांनी दोरी विटांच्या माथ्यावरून घट्ट ताणून धरा. आता पुढच्या चाकाच्या खुणेपाशी दोरीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ते विटेच्या उंचीएवढंच भरलं पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक ठीक. त्याहून जास्त नको, कारण इथली चूक भिंतीपर्यंत पोहोचताना तिपटीने वाढते. पुढच्या चाकाखाली अर्धा सेंमी खड्डा असेल तर ५ मीटरवरच्या भिंतीवर दीड सेंमीहून जास्त फरक पडतो. खड्डा एवढाच असेल तर चाकाखाली तेवढ्या जाडीची प्लायवूडची फळी टाका. डाव्या आणि उजव्या, दोन्ही चाकांच्या ओळीत ही दोरी लावा.

खबरदारी: ढाळाच्या जमिनीवर स्पिरिट लेव्हल किंवा गवंड्याची पाण्याची नळी वापरून भिंतीवर उंची चढवू नका. ती खरी आडवी पातळी दाखवते, पण गाडी ढाळाबरोबर कललेली असते. उंची नेहमी त्या जमिनीपासूनच मोजायची.

वेळ दिवेलागणीची धरा. खुणा दिसण्याइतका उजेड असतानाच टेप लावून घ्या, अंधार पडला की दिव्यांचं काम.

## ६. भिंतीवर खुणा करा

१. गाडी भिंतीला काटकोनात, बंपर भिंतीला जवळजवळ टेकेल इतकी पुढे घ्या. दिव्याच्या काचेवर मधोमध छोटा ठिपका किंवा अधिकचं चिन्ह असतं, तो लो बीमचा मध्य. चिन्ह नसेल तर लो बीमच्या बल्बचा किंवा भिंगाचा मध्य धरा. एकाच काचेत लो आणि हाय वेगळे असतील तर दिवा लावून खात्री करा. अनेक जण इथे हाय बीमच्या भांड्याचा मध्य मोजतात.

२. दोन्ही मध्यांसमोर भिंतीवर खूण करा, ओळंबा सोडून त्या खुणांमधून उभे टेप लावा. या दोन उभ्या रेषा. गाडीच्या नाकावरच्या कंपनीच्या चिन्हासमोर तिसरी उभी रेषा लावा.

३. आता स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी सावकाश मागे घ्या, ठरलेल्या खुणांवर उभी करा. अंतर दिव्याच्या काचेपासून भिंतीपर्यंत मोजायचं, बंपरपासून नाही. डाव्या आणि उजव्या दिव्याचं अंतर सारखं आलं नाही तर गाडी तिरकी आहे, पुन्हा घ्या.

४. गाडी सरळ आहे ना हे पाहायला मागच्या आणि पुढच्या काचेवर बरोबर मध्यात टेपची उभी पट्टी लावा. गाडीमागे उभं राहून एक डोळा मिटून बघा. दोन्ही पट्ट्या आणि भिंतीवरची मधली रेषा एकावर एक आल्या पाहिजेत.

५. माणूस सीटवर बसलेला असताना, गाडी याच जागी असताना, दोन्ही दिव्यांच्या मध्याची जमिनीपासूनची उंची पुन्हा मोजा. तीच उंची भिंतीच्या पायथ्यापासून मोजून आडवा टेप लावा. ही मध्यरेषा.

६. मध्यरेषेखाली दुसरा आडवा टेप लावा. हीच लक्ष्यरेषा. १ टक्क्याला ५ मीटरवर ५ सेंमी खाली, साडेसात मीटरवर साडेसात सेंमी. १.२ टक्क्याला ५ मीटरवर ६ सेंमी. दीड टक्क्याला साडेसात सेंमी. टेपची वरची कड मापावर येईल असा लावा आणि पुढे सगळं त्या कडेशीच जुळवा.

तपासणी: मध्यरेषेशीच कट-ऑफ जुळवण्याची चूक फार होते. मध्यरेषा ही शून्य उताराची. त्यावर जुळवलेला प्रकाश रस्त्याला कधी टेकतच नाही. गोंधळ होत असेल तर लक्ष्यरेषा लावून झाल्यावर मध्यरेषेचा टेप काढूनच टाका.

## ७. आता स्क्रू

लो बीम लावा. एका वेळी एकच दिवा बघायचा. दुसऱ्यासमोर पुठ्ठा हातभर अंतरावर उभा धरा. काचेवर जाड कापड टाकून ठेवू नका, हॅलोजनच्या उष्णतेने प्लॅस्टिकची काच खराब होते.

काहीही फिरवण्याआधी आत्ताची रेषा आणि कोपरा जिथे आहे तिथे टेपचे छोटे तुकडे चिकटवा आणि एक फोटो काढा. काम बिघडलं तर परत येण्याची जागा राहते.

दिव्यामागे बघा. बहुतेक गाड्यांना दोन जागा असतात, एक उंचीची, एक डावी-उजवीची. काही दिव्यांत थेट स्क्रूचं डोकं दिसत नाही. एक दातेरी प्लॅस्टिकचं चाक असतं आणि त्याच्यावर बॉनेटमधून एक भोक. त्या भोकातून फुलीचा स्क्रू ड्रायव्हर सरळ खाली घातला की टोक दात्यांत अडकतं आणि फिरवलं की चाक कट-कट सरकतं. कोणत्या बाजूला फिरवल्यावर वर जातं हे आधीपासून धरून चालू नका. डाव्या-उजव्या दिव्यांत ते उलटही असतं. अर्धा फेरा द्या, भिंत बघा, मग ठरवा. रेषा थोड्या फेऱ्यांतही बरीच सरकते, त्यामुळे घाई नको.

क्रम असा ठेवा:

उंची, ढोबळ. उजवीकडचा आडवा भाग लक्ष्यरेषेच्या आसपास आणा.

डावी-उजवी. रेषा जिथून चढायला लागते तो कोपरा त्याच दिव्याच्या उभ्या रेषेवर आणा. किंचित डावीकडे असला तर चालेल, उजवीकडे नको, कारण मग चढाचा भाग समोरून येणाऱ्यांवर जातो. काही गाड्यांना हा स्क्रू नसतोच. कोपरा थोडासाच हललेला असेल तर सोडून द्या. एकाच दिव्याचा हातभर सरकलेला असेल तर दिवा वाकडा बसला आहे, बंपर काढून बघावं लागेल.

उंची, पक्की. डावा-उजवा स्क्रू फिरवला की उंचीही थोडी बदलते. म्हणून आता पुन्हा उंची. रेषा लक्ष्यरेषेच्या थोडी खाली नेऊन मग हळूहळू वर आणत टेपच्या कडेला थांबवा. अशाने प्लॅस्टिकच्या दात्यांतली ढिलाई निघून जाते आणि पहिल्याच धक्क्याला दिवा खाली बसत नाही.

प्रोजेक्टर दिव्याची रेषा धारदार असते, कडेला निळसर पट्टीही दिसते, तिथे काम सोपं. हॅलोजन रिफ्लेक्टरची कड मऊ असते. तिथे पांढरा कागद भिंतीवर धरून वरून खाली सरकवत आणा आणि प्रकाश जिथे एकदम वाढतो ती कड धरा. कडेवरचा मंद झिरपा धरू नका, नाहीतर फोकस उगाच खाली जाईल.

आडवा भागच वाचा. नवखे लोक हमखास डावीकडच्या चढाचं टोक लक्ष्यरेषेला जुळवतात आणि मग रस्त्यावर काहीच दिसत नाही म्हणतात.

खबरदारी: स्क्रू फिरतोय पण रेषा हलत नाही, किंवा अचानक घट्ट झाला, तर थांबा. आतला गोळा खोबणीतून निसटला असेल किंवा स्क्रू शेवटाला पोहोचला असेल. जोर लावला की प्लॅस्टिक तुटतं आणि मग अख्खा दिवाच बदलावा लागतो.

एक दिवा झाला की दुसरा. मग दोन्ही उघडे ठेवा. दोन्ही रेषा एकाच उंचीवर जुळल्या पाहिजेत. शेवटी गाडीचे कोपरे पुन्हा दाबून सोडा, बॉनेट बंद करा आणि परत बघा. बॉनेट उघडं असताना जुळलेली रेषा ते बंद केल्यावर थोडी हललेली अनेकदा दिसते.

## ८. हाय बीम आणि फॉग लाईट

एच-४ बल्बच्या आणि एकाच भिंगातून दोन्ही बीम देणाऱ्या प्रोजेक्टरच्या गाड्यांत हाय बीमला वेगळा स्क्रू नसतो. लो जुळला की हाय आपोआप जागेवर. हाय बीमचा झोत बघून फोकस सेट करणारे लो बीमची वाट लावतात. हाय बीमचं भांडं वेगळं असून त्याला स्वतंत्र स्क्रू असेल तर त्याचा सर्वांत प्रखर ठिपका त्या भांड्याच्या मध्याच्या उंचीवर आणा, त्याहून वर नाही.

फॉग लाईट जास्त खाली लागते. त्यांच्या मध्यापासून दर मीटरला २ सेंमी, म्हणजे ५ मीटरवर १० सेंमी खाली वरची कड ठेवा.

## ९. भरलेल्या गाडीसाठी चाकाचा आकडा शोधा

टेप अजून काढू नका. पुढचं काम फार कमी जण करतात आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मागच्या सीटवर दोघा-तिघांना बसवा. भिंतीवरची रेषा वर सरकलेली दिसेल. आता लेव्हलिंगचं चाक १, मग २ करत जा आणि रेषा कोणत्या आकड्यावर परत लक्ष्यरेषेशी येते ते लिहून ठेवा. मग डिकीत सामान भरून पुन्हा. गावाला निघताना भरतो तेवढं भरलं की कदाचित ३ लागेल. हे दोन-तीन आकडे छोट्या कागदावर लिहून चाकाजवळ चिकटवा. चाक ० वर ठेवून कुटुंब आणि सामानासह घाटात निघालेली गाडी वळणावळणाला समोरच्याला आंधळं करत जाते. परत एकटे चालवताना चाक ० वर आणायला विसरू नका, नाहीतर तुमचाच प्रकाश पायाशी पडेल.

३ वर नेऊनही रेषा मध्यरेषेच्या वरच राहत असेल, तर मागचे स्प्रिंग बसलेले असण्याची शक्यता आहे. तो फोकसचा प्रश्न नाही.

## १०. रस्त्यावर पाहा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवू नये असं सांगतो. सोबत्याला तिथे उभं करून विचारा. ही किमान कसोटी आहे. फोकस बराच चुकलेला असला तरी गाडी तीत पास होऊ शकते, म्हणून इथेच समाधान मानू नका.

मग रहदारी नसलेल्या, सपाट, दिवे नसलेल्या रस्त्यावर जा. लो बीमवर डावी कड उजवीपेक्षा लांबपर्यंत दिसली पाहिजे. समोर थांबलेल्या कारच्या मागे दहा-बारा मीटरवर उभे राहा. तुमच्या प्रकाशाची आडवी कड तिच्या बंपरवर किंवा डिकीच्या झाकणावर, मागच्या काचेच्या खाली राहिली पाहिजे. काच उजळत असेल तर घरी येऊन पुन्हा मोजा, रस्त्यावर उभं राहून स्क्रू फिरवू नका. लो बीमवर असतानाही समोरून येणारे सतत अप्पर मारत असतील तर त्यांचंच बरोबर आहे असं धरा आणि आधी लेव्हलिंगचं चाक बघा.

बल्ब बदलला, बंपर काढून बसवला, सस्पेन्शनचं काम झालं, वेगळ्या मापाचे टायर टाकले किंवा सीएनजी किट बसलं, की हे सगळं पुन्हा करायचं. भिंतीवरच्या रेषा आणि चाकांच्या जागा रंगाने बारीक खुणा करून कायम ठेवल्या, तर पुढच्या वेळी हवा तपासून गाडी जागेवर लावली की थेट सातव्या टप्प्याला हात घालता येतो.